छातीवरचा मार

चोपड्याच्या शिवारात सकाळ घाईने येत नाही. आधी सातपुड्याच्या कडा फिकट होतात, मग केळीच्या उंच पानांवर हिरवट पिवळी झाक उतरते, आणि फाटक्या पानांतून झिरपत तो उजेड ओल्या सऱ्यांत, ठिबकच्या नळ्यांवर, शेवटी बांधाजवळच्या लोखंडी वजनकाट्यावर येऊन निवांत बसतो.

योगराज त्या काट्याकडेच पाहत होता. लहानपणी मधुमेहाने त्याचा सांगाडा झाला होता. इन्सुलिन सुरू झाल्यावर आई, बेबाबाई, त्याला याच काट्यावर उभे करी आणि वजन वाढले की गल्लीभर गूळ वाटत असे. वजन म्हणजे जगणे, हे त्याच्या मनात तेव्हाच मुरले. म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी परवा बजावले, "इतक्या वर्षांचा मधुमेह, त्यात हे वाढलेले वजन. हृदयाला धोका आहे. छाती दुखली तर तडक या," तेव्हा तो नुसता हसला होता. सोबत आलेल्या धाकट्या भावाला, चुडामणला, त्याने घरी काही न बोलण्याची शपथ घातली होती.

आता केळीचा घड उचलताना तो मध्येच थांबला. कपाळावर गार घाम.

"बागना बठ्ठा घड एकीकडे नि भाऊ एकीकडे शे!" चुडामण त्याच्या वजनावरून हसला. मग हळूच म्हणाला, "छाती दुखस का? आबाले सांगू?"

'सांगू' हा शब्द ऐकताच घड खाली आदळला. योगराजची मूठ चुडामणच्या नाकावर बसली, दुसऱ्या ठोशाने ओठ फाटला. मान पकडून त्याने भावाचे डोके काट्याच्या दांड्यावर हाणले, पुन्हा हाणले. त्या कोवळ्या उजेडात रक्त फार लाल दिसले. त्याने कोयता उचलला आणि छातीत सळई घुसल्यासारखा गुडघ्यांवर कोसळला.

वडील, लोटनआबा, धावत आले. "काय झालं रे?"

"यानं... छातीत मारलं."

आबांची काठी चुडामणच्या पाठीवर कडाडली. "आजारी भावाले मारस?" शपथेला जागून चुडामण फुटल्या चेहऱ्याने फक्त योगराजकडे पाहत होता.

"मुका मार शे," योगराजच्या छातीकडे पाहत आबा धापा टाकत म्हणाले, "हळद लावू, उतरी जाई."

कळ डाव्या हातात उतरली. काठी पुन्हा वर गेली, तेव्हा योगराजने ती धरली आणि तुटक शब्दांत सांगून टाकले: चुडामणने त्याला बोटही लावले नव्हते, छाती पहाटे अंथरुणातच दुखू लागली होती.