चेपलेल्या कपाचं माप

"घरी नीट जेवतात का या?" नर्सनं विचारलं आणि मापाड्याचं डोकंच फिरलं.

"म्हणजे काय? आमच्या घरात काय दुष्काळ पडलाय?"

"तसं नाही म्हणत मी. पण यांच्या अंगात रक्त म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले, कित्येक महिन्यांत पोटभर खाल्लेलं दिसत नाही. म्हणून विचारलं."

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. मापाड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धान्यबाजारात काट्यापाशी उभं राहून त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. पोत्यात मूठभर कमी असलं तरी ते उचलताना त्याच्या हाताला कळायचं. पारड्याखाली अंगठा लावणाऱ्या भल्याभल्या व्यापाऱ्यांना त्यानं चारचौघांत तोंडघशी पाडलं होतं. आणि आज ही कालची पोर त्याच्याच घरात कमी पडतं म्हणत होती.

"सिस्टर, मला पहिल्यापासून भूकच कमी," खाटेवरून बायको म्हणाली. काल नळावरून बादली आणताना ती जिन्यात कोसळली होती. ओठ पांढरेफटक पडले होते, पण डोकं घरातच होतं. नर्स पुढच्या खाटेकडे वळली तशी तिनं नवऱ्याला जवळ बोलावलं.

"अहो, आज पोरीला सुट्टी आहे, पण तिला चुलीशी उभी करू नका. आठवड्यातून एकदाच उशिरापर्यंत झोपते बिचारी. तुम्हीच भात टाका. तो चेपलेला कप घ्या. तीन कप. सपाट भरा हं, शीग नको. वरून हात फिरवा."

"मला माप शिकवतेस होय?"

ती हसली. त्यालाही जरा बरं वाटलं. भूकच कमी असेल तर त्याला कोण काय करणार, असं म्हणत तो घरी आला.

बायकोच्या स्वयंपाकघरात तो पाणी प्यायला सोडून कधी गेला नव्हता. आज गेला आणि सगळ्यांत आधी तेलाच्या बाटलीशी त्याचं भांडण झालं. बुचाला खिळ्यानं एक भोक पाडलेलं होतं. बाटली कितीही उलटी केली तरी तेल थेंबाथेंबानंच यायचं. भाजीची देठं बारीक चिरून वेगळ्या वाटीत ठेवलेली, बटाट्याची सालं धुऊन फडक्यावर पसरलेली, भाताचं कालचं पाणी झाकून ठेवलेलं. काही म्हणून वाया जात नव्हतं. बाईच्या हाताला वळण आहे, असं त्याच्या मनात आलं आणि आपल्याच निवडीचं त्याला कौतुक वाटलं.

दोन वर्षांपूर्वी बाजारात विजेचा मोठा काटा आला आणि निम्मे मापाडी घरी बसले. याला ठेवलं, पण आठवड्याचे निम्मे दिवस. त्या दिवशी घरी येऊन त्यानं बायकोला बजावलं होतं, "कुणाच्या ताटात कमी पडता कामा नये. कसं करायचं ते तुझं तू बघ." या वाक्याचा त्याला फार अभिमान होता. काट्यापाशी तो ते अधूनमधून सांगायचाही. पगार निम्मा झाला, पण ताट तेवढंच राहिलं, म्हणायचा, आणि ऐकणारे मान डोलवायचे.

चेपलेला कप तांदळाच्या डब्यातच होता. त्यानं तो बुडवला, काठावर चढलेली शीग तळहातानं सपाट केली, आणि असे तीन कप तांदूळ धुतले. डाळ टाकली, देठांची भाजी परतली. भात खाली थोडा लागला, डाळ पातळ झाली, पण एकंदरीत बरं जमलं. बाहेरच्या सोप्यावर बसलेल्या आईला त्यानं हात धरून ताटापाशी आणलं. तिला आता उजेड-अंधार सोडून फारसं दिसत नव्हतं. लेक डोळे चोळत येऊन बसली.

"बाबा, भात छान झालाय हं. खालून काळा, वरून पांढरा," लेक म्हणाली.

"खा गुमान."

तिघंही रोजच्यासारखं जेवली. कुणी जास्त घेतलं नाही, कुणी हात आखडला नाही. आई हात धुऊन परत सोप्यावर गेली, लेक ताटं उचलायला लागली, आणि तो बायकोसाठी डबा भरायला पातेल्यापाशी गेला.

पातेल्यात भात नव्हता. तळाला चिकटलेली करपट खरपुडी तेवढी होती.

"काय गं, दोनदा घेतलास का?"

"नाही हो बाबा. रोजच्याएवढाच घेतला."

"मग कमी कसा पडला?"

"तुम्हीच कमी टाकला असेल."

मापाड्याला हे झोंबलं. त्यानं स्वतःच्या हातानं तीन कप घातले होते, मापात त्याची चूक होणं शक्य नव्हतं. निदान खरपुडी तरी निघते का बघावं म्हणून तो उलथन्यानं तळ खरवडायला लागला. पत्र्यावर लोखंड घासल्याचा तो कर्र-कर्र आवाज घरभर झाला.

"सूनबाई आली का रे?" सोप्यावरून आईनं विचारलं.

"नाही गं आई. ती दवाखान्यात आहे. मी आहे इथं."

"असं होय. मला वाटलं, ती जेवायला बसली."

त्याचा हात थांबला.

"म्हणजे?"

"अरे, आपली जेवणं झाली की रोज हाच आवाज येतो ना. पातेलं खरवडते, मग पाणी पिते, मग भांडी घासते. मी आपली ओळखते, की आता तिचं जेवण उरकलं."

लेक हातात ताटं घेऊन तशीच उभी होती. "आई म्हणायची, मी करता करताच खाल्लं," ती हळूच म्हणाली, पण कुणाला सांगितल्यासारखं नाही.

मापाड्यानं तांदळाचा डबा पुन्हा उघडला आणि कप बुडवून वर काढला. या वेळी काठावर चढलेला ढीग त्यानं तसाच राहू दिला. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती असाच भरायची, बोटांवरून तांदूळ ओघळायचे आणि ती ते एकेक वेचून डब्यात टाकायची, हे त्याला लख्ख आठवलं. त्यानं तळहात फिरवून शीग ताटलीत उतरवली. दुसऱ्या कपाची, तिसऱ्या कपाचीही उतरवली. तिन्ही मिळून ताटलीत जेवढे तांदूळ जमले, तेवढ्यात एका माणसाचं जेवण झालं असतं.

तो खाली बसला. दोन वर्षं या घरात रोज तिघांचा स्वयंपाक होत होता आणि जेवणारी माणसं चार होती. बाजारातल्या पोत्यातली मूठ त्याला कळत होती, आणि घरातलं एक अख्खं ताट गेलेलं कळलं नव्हतं. तो रोज जेवायला बसला की आईचं ताट बघायचा, लेकीचं बघायचा, स्वतःचं बघायचा आणि समाधानानं पहिला घास घ्यायचा. ती उभी राहून वाढायची. चौथं ताट कुठं आहे, असं एकदाही त्याच्या मनात आलं नाही.

"मग ती रोज..." सोप्यावरून आईनं सुरुवात केली आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

दुसऱ्यांदा भात टाकून, डबा काठोकाठ भरून तो दवाखान्यात पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बायको उठून बसली. डबा उघडून बघितला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"एवढा? तुम्ही सगळे जेवलात ना?"

"जेवलो."

"मग एवढा उरला कसा?"

"पुन्हा टाकला. शीग लावून."

चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो तशी ती आधी दाराकडे, मग शेजारच्या खाटेकडे बघायला लागली.

"कधी कळलं?"

"भात संपला तेव्हा."

पांघरुणाचं टोक ती बोटाला गुंडाळत राहिली. "आईंना सांगू नका," शेवटी म्हणाली. "त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

त्यानं मान हलवली. आई तेव्हापासून एक शब्द न बोलता भिंतीला टेकून बसली आहे, हे सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

"अगं, मला एका शब्दानं सांगायचंस तरी."

"काय सांगणार? तुम्हीच म्हणालात ना, तुझं तू बघ. मग बघितलं."

टोमणा असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. पण ती सरळच बोलत होती. एक काम सांगितलं होतं, ते तिनं चोख केलं होतं, एवढंच. मापाड्याचे डोळे भरून आले आणि ते कुणी बघू नयेत म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मागे चमच्याचा आवाज येत होता. ती जेवत होती. तो आवाज थांबू नये असं त्याला वाटत होतं.

पण तो लवकरच थांबला. त्यानं वळून बघितलं. निम्मा डबा तसाच होता आणि ती त्यावर झाकण दाबून बसवत होती.

"हा घरी न्या. संध्याकाळी पोरीला होईल."

त्यानं तिच्या हातातून डबा घेतला, झाकण काढलं आणि डबा परत तिच्या मांडीवर ठेवला. झाकण त्यानं स्वतःच्या खिशात घातलं. ते पुरतं मावलं नाही, अर्धं बाहेरच राहिलं. आतल्या वाफेचं पाणी शर्टाला लागून ओला डाग पसरत गेला.

"जेव," तो म्हणाला, आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.