बोगद्याचा मान

सकाळी देवाप्पांनी कंदिलाची काच राखेनं घासली, वात कातरली आणि दारात बसून राहिले. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. मुलगी सुविधा बेळगावात, खासबागेला राहून नोकरी करते. आज जत्रेसाठी ती रजा काढून आली होती, आणि त्या कंदिलाकडं बघून तिचं डोकं तापत होतं.

गावाशेजारच्या डोंगरात विलायतेच्या राणीच्या राज्यात खणलेला रेल्वेचा बोगदा आहे. सुरुंग लावताना दरड कोसळली आणि देवाप्पांचे पणजोबा येसाप्पा आतच गाडले गेले. पुढं रेल्वेनं वाट बदलली, रूळ निघाले आणि जत्रेची पालखी बोगद्यातून पलीकडच्या देवळात जाऊ लागली. पण बोगदा माणूस घेतो, अशी गावाची समजूत! म्हणून येसाप्पांच्या घरच्यानं कंदील घेऊन एकट्यानं पुढं जायचं. त्यानं पलीकडून हाक दिली की मग पालखी निघणार. त्यानं पालखीला शिवायचं नाही, पंगतीत बसायचं नाही. त्याचं पान देवळाबाहेर दगडावर. याला गाव मान म्हणतं. किती गोड शब्द शोधलाय पाहा!

"आप्पा, आत भ्या वाटत न्हाय?" वाटेत सुविधानं विचारलं.

"भ्या कसलं गं? मधी थांबून पणज्याला हाक मारतो. माझाच आवाज माघारी येतोय. लई एकटं वाटतंय बघ तवा."

सुविधा झपाझप चालू लागली.

बोगद्याच्या तोंडाशी पालखी थांबली होती. "चल रं देवाप्पा, उशीर व्हायलाय," जत्रेचे कारभारी विक्रम पाटील म्हणाले. ते देवाप्पांना मुलगा शोभतील अशा वयाचे.

सुविधा पुढं झाली. "आज आप्पांचं पान पंगतीत मांडणार काय?"

"बापजाद्यापासनं चालत आलंय, पोरी. मान हाय त्यो तुमचा."

कोणी जमिनीकडं पाहू लागलं, कोणी मोबाइलकडं. देवाप्पांनी पेटता कंदील पाटलांपुढं धरला.

"मान हाय न्हवं, अण्णा? मग ह्या वर्साला तुमी घ्या."

पाटलांचा हात पुढं आला नाही. एवढ्या गर्दीतला एकही हात आला नाही. भीती अंधाराची होती, की कंदिलाला देवाप्पांचा हात लागल्याची, हे ज्याचं त्याला ठाऊक.

देवाप्पांनी कंदील जमिनीवर ठेवला आणि लेकीचा हात धरला. "चल. पालखीसाठी न्हवं. पणज्याला सांगून येऊ, आता ह्याच्या फुडं आमी कंदील धरणार न्हाय."

थोड्या वेळानं आतून हाक आली, "येसाप्पाऽऽ!" यंदा आवाज दोन होते.

बाहेर पालखी तशीच खोळंबली होती आणि तिच्यासमोर कंदील जळत होता. वाचकहो, तुम्ही तिथं असता, तर उचलला असता?