पळपुटं दुखणं

आमच्या बेटावर कुणाचा गुडघा धरला की लोक आधी माझ्याकडे येतात, मग देवाकडे. चोळण्याचे पैसे घेतले तर हातांचा गुण जातो, म्हणून मी ते घेत नाही. कुणी अळूचे कंद ठेवून जातं, कुणी कोंबडी. मानाची मला कधी उणीव भासली नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचाही.

सगळ्यात मोठं नाव मी मिळवलं ते पोरांच्या पळपुट्या दुखण्यावर. अंगात ताप, आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा कोपर. मी खोबरेल घेऊन त्याच्या मागे लागायची. आठवड्याभरात दुखणं अंगातून पळून जायचं. फुआतिनोच्या, म्हणजे माझ्या, हातांना भिऊन पळतं, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायची.

सहा वर्षांपूर्वी माझ्या भाचीने, सुलियाने, तिची लांगी अशीच आणली. आठ वर्षांची पोर, पाय टेकवत नव्हती. दवाखान्यातली नर्स लुसिया मागोमाग आली, पोरीला सुई द्यायला हवी म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्या सुईने गुडघ्याला भोक पडेल, दुखणं नाही जायचं." सगळे हसले. लुसिया मान खाली घालून गेली. पाचव्या दिवशी लांगी उड्या मारत होती, आणि सुलियाने मला घरातली सगळ्यात जुनी, बारीक विणीची चटई दिली. आमच्याकडे याहून मोठा मान नाही.

यंदा लांगी चर्चमध्ये गाता गाता मधेच खाली बसू लागली. आळशी झालीय, असं मीच म्हटलं होतं. सुलिया तिला बोटीने राजधानीला, आपियाच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा कळलं की हृदयाच्या दोन झडपा बिघडल्यात.

मला काही उमजेना. लुसियाला गाठलं. ती म्हणाली, झडपा म्हणजे दारं. आमच्या घरांना भिंतीच नाहीत, दारं कुठली? मग तिने चर्चच्या दारांचं उदाहरण घेतलं. रक्त एका दाराने आत येतं, दुसऱ्याने बाहेर जातं, आणि मागे फिरू नये म्हणून दार लगेच मिटायला हवं. लांगीचं एकही दार नीट मिटत नव्हतं. गेल्या वर्षी शाळेत तपासणाऱ्यांना एकाच दाराचा आवाज आला, तोही किरकोळ वाटला; दुसरं त्या गोंगाटात लपून राहिलं.

"पण हे झालं कशाने?" मी विचारलं.

लुसिया म्हणाली, "त्या तापाने, मावशी. सांध्यातलं दुखणं चोळलं तरी जातं, न चोळलं तरी जातं. हृदयाला मात्र चावून जातं. तेव्हा सुया सुरू झाल्या असत्या तर कदाचित इतकं झालं नसतं."

घरी येऊन मी खोबरेलाची बाटली छपराखालच्या तुळईवर, हात पोचणार नाही अशी ठेवून दिली. मला कुणी काही बोललं नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. किती पोरांचे गुडघे मी धरले होते, ते बोटांवर मोजायला बसले आणि घाबरून थांबले.

लांगीला ऑपरेशनसाठी न्यूझीलंडला न्यायचं ठरलं. निघायच्या आदल्या सकाळी सगळं घर माझ्याकडे आलं. लांगी खांबाला टेकून बसली, चार पावलांनी दमली होती. सुलियाने लांगीच्या धाकट्या बहिणीला, पेपेला, पुढे केलं.

"तेव्हा लांगी तुझ्या हातांनी वाचली, मावशी. आता हिला बघ. मंगळवारी घोटा होता, आज गुडघा आहे. अंगही तापलंय."

पेपेने पाय माझ्या मांडीवर टाकला. गुडघा गरम होता. माझे हात आपसूक तिकडे गेले. गप्प राहून पोरीला गुपचूप दवाखान्यात नेता आलं असतं, माझं नावही राहिलं असतं. पण मग पुढच्या महिन्यात शेजारच्या एखाद्या बाईने आपलं पोर माझ्याकडेच आणलं असतं.

"मी लांगीला बरं केलं नव्हतं," मी म्हटलं. "ते दुखणं आपणहून गेलं. मी फक्त तिला सुईपासून लांब ठेवलं. तिचं हृदय माझ्यामुळे बिघडलं, सुलिया."

लांगी माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिच्याकडे बघवेना. सुलियाने पेपेला उचललं आणि चालू लागली. मी मागोमाग गेले. वाटभर तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

लुसियाने पेपेचं रक्त घेतलं, छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. सुया दर महिन्याला, कित्येक वर्षं घ्याव्या लागतील म्हणाली. सुई बघून पेपेने भोकाड पसरलं आणि माझ्याकडे हात केले. "आजी, तूच चोळ ना. तुझ्या हाताने दुखत नाही."

मी हात पाठीमागे घेतले.

सुलियाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, माफी कुठेच नव्हती.

"धर तिचा हात," ती म्हणाली. "चोळू नकोस. नुसता धर."