बादलीतले अकरा किलो

यास्नाला गिळगिळीत गोष्टींची लहानपणापासून किळस. घरात सगळे पियूरे, म्हणजे समुद्रातल्या खडकांना चिकटणारे मऊ जीव, मिटक्या मारत खायचे, पण ते लालभडक गोळे ताटात दिसले की ही उठून अंगणात जायची. आणि अशा मुलीने वाल्दिव्हियाच्या विद्यापीठात जहाजबांधणीच्या पुढच्या पदवीसाठी विषय कुठला घ्यावा, तर समुद्रातल्या पात्यांवर चढणारी घाण! बाकीची मुलं कोरड्या खोलीत बसून पात्यांचे आकार काढायची, गणितं मांडायची. हिच्या नशिबी शेवाळ.

विषय मात्र खरोखर मोलाचा होता. चाकाओच्या खाडीत भरती-ओहोटीचं पाणी असं धावतं, की त्यात पाती फिरवली तर त्या विजेवर गावंच्या गावं उजळतील. पण पाण्यात काहीही सोडलं की थोड्याच महिन्यांत त्यावर चिकट थर बसतो, मग पांढऱ्या टोकदार कवचाचे किडे, मग काळे शिंपले, मग पियूरे. पाती जड होतात आणि रेंगाळतात. एका रंगाच्या कंपनीचं म्हणणं होतं, आमच्या रंगावर काही म्हणजे काही चिकटत नाही. ते खरं की खोटं, हे यास्नाने सांगायचं होतं. त्यावर तिची पदवी ठरणार होती.

तो रंग लावलेल्या आठ लोखंडी पट्ट्या तिने एप्रिलमध्ये नोल्बेर्तोमामाच्या तराफ्याखाली टांगल्या. मामा खाडीकाठचा जुना नावाडी. मधे पट्ट्या वर काढायच्या नाहीत, हा नियम तिने त्याला सतरा वेळा बजावला, आणि मामाने तो देवाच्या आज्ञेसारखा पाळला. आठ महिने त्याने दोरीला हातसुद्धा लावला नाही.

डिसेंबरातल्या शनिवारी ती पहाटेची बस पकडून पोचली. नाकाला बांधायला रुमाल आणि दोन जोड रबरी हातमोजे घेऊन, मनाची पुरती तयारी करून. तराफ्यावर आठही पट्ट्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि उन्हात नव्या ताटांसारख्या लखलखत होत्या. शेवाळाचा एक तंतू नाही. यास्ना आनंदाने उडीच मारायची बाकी होती. तिने पटापट फोटो काढले आणि तिथूनच तिचे मार्गदर्शक राडेमाखर सरांना पाठवले. रंग जिंकला होता. आता शिंपले खरवडायला नकोत, वजन करायला नको, जानेवारीत पदवी.

मग मामा गरम मिल्काओची, बटाट्याच्या जाड पोळ्यांची, थाळी घेऊन आला आणि छाती फुगवून म्हणाला, "बघ पोरी. काल ओहोटीला सगळं काढलं. तीन तास लागले. वाळूने घासल्यात."

यास्नाच्या तोंडातला बटाट्याचा घास तोंडातच राहिला.

मामाचं काय चुकलं होतं? त्या काठावर दुसऱ्याची वस्तू परत करायची तर घासून-पुसून द्यायची, ही रीत. होडीचा तळ घाण राहिला तर घरच्या बाईलासुद्धा लोक नावं ठेवतात. उद्या भाची येणार, शहरात सरांपुढे नेणार, म्हणून म्हाताऱ्याने गुडघे दुखत असताना तीन तास ओल्या वाळूत घालवले होते. आणि पट्ट्या घासू नका, असं यास्नाने त्याला सांगितलंच नव्हतं. कोणी त्या घासून ठेवेल, हे विद्यापीठात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तिने लगेच सरांना फोन लावला, पण बोलायची संधीच मिळेना. फोटो अप्रतिम आहेत, कंपनीच्या उरिबेबाई गुरुवारी येताहेत, विद्यापीठाला मोठी प्रयोगशाळा बांधून द्यायचं त्यांच्या मनात आहे, असं ते भरभरून बोलत सुटले. शेवटी ती मधेच म्हणाली, की सर, मामाने पट्ट्या घासल्यात.

"घासताना कोणी पाहिलं?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग हे बघ यास्ना. तू पोचलीस तेव्हा पट्ट्या स्वच्छ होत्या. तेवढंच लिही. त्यात खोटं काय आहे?"

आवाज नेहमीसारखाच होता, मऊ, वडीलधारा. यास्नाला किळस आली. पियूरे पाहून यायची त्यापेक्षा कितीतरी जास्त. पियूरे निदान लपवाछपवी करत नाहीत, घाण दिसतात तर घाण दिसतात. हा माणूस तर रोज इस्त्रीचा सदरा घालून वर्गात सचोटीवर बोलायचा. शी.

तिने पट्ट्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. मामाचा हात बोल्टच्या खाचांपर्यंत पोचला नव्हता. तिथे बारीक पांढऱ्या कड्या होत्या, किडे खरवडले तरी त्यांची बुडं चिकटून राहतात तशा. एका खाचेत नऊ.

"मामा, खरवडलेलं कुठे टाकलंस?"

बटाट्याच्या वाफ्यात. आणखी कुठे टाकणार, चांगलं खत ते. दुपारच्या उन्हात तो ढीग फसफसत होता आणि माश्यांची जत्रा भरली होती. यास्नाने नाकाला रुमाल बांधला, दोन्ही जोड हातमोजे चढवले आणि गुडघ्यावर बसून सगळं बादलीत भरलं. दोनदा उठून कुंपणापाशी ओकली. मामा दारात डोक्याला हात लावून उभा. भाचीला शहराचं पाणी बाधलं, अशी त्याची खात्री झाली. मासळी तोलायच्या काट्यावर वजन भरलं अकरा किलो. कुठल्या पट्टीवर किती, हे आता कधीच कळणार नव्हतं, म्हणजे प्रयोग गेलाच होता. पट्ट्या आणि बादली घेऊन ती बसमध्ये बसली, तेव्हा तिच्या आजूबाजूच्या चार रांगा रिकाम्या झाल्या.

गुरुवारी चकचकीत टेबलावर सरांनी पट्ट्या मांडल्या होत्या, शेजारी नोंदवही आणि पेन. यास्नाने सही करायची होती. तिने आधी बादली टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. पाच दिवसांचा वास खोलीभर पसरला. सर खिडकीकडे धावले. ही कसली घाण, असं त्यांनी ओरडून विचारलं.

"तुमच्या रंगावरची, बाई," यास्ना उरिबेबाईंना म्हणाली. "आठ महिन्यांची. माझ्या मामाने घासून काढली, सरांना शनिवारपासून माहीत आहे."

बाईंनी पदराएवढा मोठा रुमाल नाकावर धरला, पण त्या मागे सरकल्या नाहीत. पेनाने एक शिंपला उलटवून पाहिला, मग खाचेतल्या कड्या पाहिल्या. नंतर सरांकडे असं पाहिलं, जसं यास्ना पियूरेकडे पाहते. प्रयोगशाळेचा विषय निघालाच नाही. नोंदवहीत यास्नाने लिहिलं, 'पट्ट्या वर काढल्यावर घासल्या गेल्या, निकाल रद्द,' आणि ठसठशीत सही केली.

जानेवारीची पदवी गेली. सर बदलून मिळाले, पट्ट्याही नव्या मिळाल्या, आणि पुन्हा आठ महिने. मामाला तिने या वेळी हात जोडून सांगितलं, की मामा, घासायचं नाही, शेवटपर्यंत नाही.

म्हाताऱ्याचा चेहरा कडवट झाला. शेजारी काय म्हणतील, एवढंच तो पुटपुटला. दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं, तर पट्ट्या त्याने तराफ्याच्या पलीकडच्या बाजूला टांगल्या होत्या, जिथून शेजाऱ्यांच्या होड्या जात नाहीत.