फ्रिजवरची तिसरी नोंद

जोसी पेलेतिए आमच्या घरात राहायला आली आणि माझं सुख संपलं. मला तिचा हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी साळसूदपणाचा आव आणतेय असं कोणाला वाटायला नको.

आमचं घर म्हणजे कॉलेजचं फ्रेंच हाउस. व्हरमाँटच्या बर्फातलं, आठ जणांचं. उंबऱ्याच्या आत फक्त फ्रेंच. भांडायचं फ्रेंचमध्ये, ठेच लागली तरी कळवळायचं फ्रेंचमध्ये. आईला फोन करायचा तर कोट चढवून बाहेर पायऱ्यांवर जायचं, मग तिथे नाक गोठून पडलं तरी चालेल. आत इंग्रजी तोंडातून गेलंच, तर फ्रिजवरच्या कागदावर आपलं नाव आपणच लिहायचं, शेजारी तारीख. दुसऱ्याचं नाव कोणी लिहीत नाही. एका सत्रात तीन नोंदी झाल्या की खोली खाली करायची.

दोन वर्षांत त्या कागदावर 'मार्गिट टोलेफसन' हे नाव एकदाही आलं नव्हतं. मिनेसोटातल्या आमच्या गावात फ्रेंचचा एक शब्द कोणाला येत नाही, तिथे मी सात वर्षं एकटीने क्रियापदं घोकली. इतकं, की मी '7' हा आकडासुद्धा फ्रेंच लोकांसारखा लिहिते, पोटातून आडवी रेघ मारून. आमच्या घरात मुलांपैकी दुसरं कोणी तसा लिहीत नाही. जोसी तर त्यावरून मला चिडवायची, "तुझ्या साताने कमरेला पट्टा बांधलाय."

मला एकच गोष्ट हवी होती. दर वर्षी आमच्यातल्या एकाला फ्रान्समधल्या नांतच्या शाळेत वर्षभर शिकवायला पाठवतात. घरात राहणाऱ्यालाच, बाहेरच्याला नाही. नाव सुचवते सोलेन, आमच्याबरोबर राहणारी फ्रेंच साहाय्यिका, तिकडचीच मुलगी. मार्चमध्ये ठरायचं होतं. सगळे म्हणायचे, यंदा मार्गिटच. मी वरवर "छे, कुठलं काय" म्हणायचे.

आणि सप्टेंबरात ही आली. मेन राज्याच्या पार वरच्या टोकाची, जिथे आज्या अजून घरात फ्रेंच बोलतात. व्याकरणाच्या नावाने शंख! माझ्या वह्या उतरवून पास व्हायची. पण बोलायला लागली की टेबलावरचे सगळे पोट धरून हसायचे. एकदा मला म्हणाली, "मार्गिट, तू बोललीस ना, की वाटतं बातम्या लागल्यात." सोलेनसुद्धा हसली. मीही हसले. न हसून सांगते कोणाला?

रविवारचं जेवण पाळीने असायचं. माझ्या पाळीला चार तास खपून मी लिंबाचा टार्ट केला. सोलेन एक घास खाऊन म्हणाली, "अगदी बरोबर झालाय." बरोबर! गणित होतं का ते? पुढच्या रविवारी जोसीने आजीची 'प्लोय' केली. म्हणजे कुट्टूच्या पिठाची जाळीदार धिरडी, एकाच बाजूने भाजलेली, वर लोणी. सोलेनने पहिला घास घेतला आणि तिचे डोळेच भरून आले.

"अगं, माझी आजी याच पिठाचं करायची! कुठे शिकलीस तू?"

"आजीच्या ओट्यावर बसून," जोसी म्हणाली. "हात मधे घातला की उलथन्याचा फटका."

दोघी गळ्यात गळे घालून आज्यांच्या गप्पा मारत बसल्या. माझ्या आजीने आयुष्यात उकडलेल्या बटाट्यापलीकडे काही केलं नाही. मी उठून भांडी घासली, पाळी नसताना. तिथे बसवतच नव्हतं मला.

फेब्रुवारीपर्यंत जोसीच्या या सत्रातल्या दोन नोंदी झाल्या. दोन्ही तिनेच लिहिलेल्या, शेजारी फूल काढून. "आता तोंडाला कुलूप!" म्हणत फिरायची.

मग तो शुक्रवार. मी धुण्याची टोपली घेऊन तळघराच्या जिन्यात होते आणि खालून जोसीचा आवाज आला. फोनवर. स्वच्छ इंग्रजीत. "हो, डाव्या बाजूला... नाही, थांबा, मी सांगते." पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. मला हवं ते मिळालं होतं. पावलं न वाजवता वर आले आणि खोलीत जाऊन चक्क हसले.

आता ही नाव लिहील, म्हणून मी फ्रिजपाशी घिरट्या घालत राहिले. शुक्रवार गेला, शनिवार गेला, कागद तसाच. जोसीचे डोळे सुजलेले दिसत होते. मला वाटलं, मन खातंय हिचं. खाऊ दे! चोर तो चोर, वर फुलं काढतो. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मी पेन्सिल उचलली आणि लिहिलं: जोसी पेलेतिए, १७ फेब्रुवारी. फूल तेवढं काढलं नाही.

संध्याकाळी पाळी जोसीचीच होती. पुन्हा प्लोय. फ्रिजमधून दूध घ्यायला गेलेला आमच्यातलाच वेन्डेल ओरडला, "अरे, जोसीच्या तीन झाल्या की!"

जोसी उलथनं घेऊन तशीच उभी राहिली. "मी नाही लिहिलं," ती म्हणाली. "पण बोलले मी, शुक्रवारी. माझ्या लक्षातच नाही राहिलं बघ. आजीला पक्षाघाताचा झटका आला. डोक्यातलं इंग्रजी सगळं गेलं तिच्या, फक्त फ्रेंच उरलंय, आणि हॉस्पिटलात त्या पाळीला फ्रेंच येणारं कोणी नव्हतं. नर्सने फोन लावला. मी तिच्याशी इंग्रजीत बोलायचे आणि आजीशी फ्रेंचमध्ये. कुठे दुखतंय, पाणी हवं का..."

अर्धंच ऐकलं होतं मी. आणखी दोन मिनिटं थांबले असते तर उरलेलं अर्धंही कानावर पडलं असतं.

सोलेनने उठून ती नोंद खोडली. "असलं मोजत नाहीत, वेडे. पण हे लिहिलं कोणी?"

जोसी कागदाजवळ गेली, वाकली आणि तिने तो सात पाहिला. सप्टेंबरपासून माझ्या वह्या उतरवल्या होत्या तिने. माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाली, "जाऊ दे ना. कोणी का लिहिलं असेना. गरम आहेत तोवर खा." पहिलं धिरडं तिने माझ्या ताटात वाढलं.

तेच मला सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या.

"पुरे कर ना तुझा चांगुलपणा! यातही तूच वरचढ का?"

सगळे माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा मला कळलं की हे मी इंग्रजीत बोलले.

मी उठले. कागदावर, त्या खोडलेल्या नोंदीखाली लिहिलं: मार्गिट टोलेफसन. मग तीच तारीख. एक काढला, सात काढला आणि हात थांबला. रेघ मारली नसती तर कदाचित निभावलं असतं. सोलेन मागेच उभी होती.

मी रेघ मारली. वर एक सात, खाली एक सात, दोघांच्याही कमरेला पट्टा. सोलेनने दोन्ही वाचले आणि जाऊन बसली.

"ये ना, गार होतंय," जोसी म्हणाली.

नांतला तीच जाणार हे मला तिथेच कळलं. जायलाही तीच हवी होती. आणि खरं सांगते, ते धिरडं गिळताना तरीही माझ्या पोटात दुखलंच.