मागे वळणं

"अर्धाच गुडघा बदलणार, तर उरलेल्या अर्ध्याला राग नाही का येणार?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि भोंग्याचे कान गरम झाले. मैत्रिणींनी पैज लावली होती, डॉक्टरीणबाईंना हे विचारून दाखवायचंच. आईने डोळे मिटून घेतले. बाबा एकदम छताच्या पंख्याचा अभ्यास करू लागला. घरात पोरीला भोंगा उगाच म्हणत नसत.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"येतो ना. म्हणून तर आपण इथे बसलोय."

त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा उचलला. आईच्या गुडघ्याची आतल्या बाजूची गादी झिजून गेली होती. तेवढाच भाग धातूचा बसवायचा. बाहेरची बाजू अजून धडधाकट होती. पण दोन हाडांना धरून ठेवणारी मधली दोरी, लिगामेंट, बास्केटबॉल खेळताना कधीच तुटली होती आणि आईने ती तशीच राहू दिली होती. दोरीशिवाय सांधा सरकत राहतो. मग नवा भाग सैल होण्याची भीती, आणि चांगल्या बाजूवरही ताण.

"वयस्कर माणसाला कधीकधी नुसता अर्धा गुडघा पुरतो. तुम्ही चाळिशीतल्या. मी म्हणेन, मांडीतला स्नायूबंध घेऊन दोरीही बांधू, एकाच वेळी. फक्त सावरायला बरेच महिने लागतील. जरा चालून दाखवता?"

आई दारापर्यंत झपझप चालत गेली.

"आता मागे वळा."

आई वळली, जड कपाट कोपऱ्या-कोपऱ्याने सरकवावं तशी, चिमुकली पावलं टाकत.

"असं नाही. एका पायावर, गर्रकन."

"नाही जमत. गुडघा निसटतो."

"कधीपासून?"

"हिच्या जन्माच्या आधीपासून."

भोंग्याने बाहीचं टोक ओढून मुठीत धरलं.

बाबा पुढची तारीख विचारायला खिडकीशी गेला. बाहेरच्या बाकावर मायलेकी उरल्या. दोघींमध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती, आणि ती कुणी सोडली हे सांगणं अवघड होतं.

"शाळेच्या फाटकाशी," भोंगा जमिनीकडे बघत म्हणाली, "मी मागून हाक मारायचे. सगळ्यांच्या आया वळायच्या. तू नुसता हात वर करायचीस. पाठमोरीच."

आईने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"एकदा वळले होते. तू पहिलीत होतीस. धपकन पडले. वॉचमनने उठवलं. तू तोवर आत पळाली होतीस."

"मग सांगायचं ना!"

"काय सांगू? आई वळली की पडते म्हणून? सगळ्या वर्गाला सांगत सुटली असतीस."

ते खरंच होतं.

"मला वाटलं, तुला बघायचंच नसतं," भोंगा म्हणाली. "म्हणून बंद केलं मी."

"हो. बंद झालं ते." आई समोरच्या भिंतीशी बोलावं तशी बोलली. "मला वाटलं, मोठी झालीस. आता आईला हाक मारायची लाज वाटत असेल. तरी फाटकापासून वळणापर्यंत मी हळूहळू चालायचे. एखाद दिवशी मारलीस तर."

समोरून एक परिचारिका रिकामी चाकाची खुर्ची ढकलत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत दोघी तिच्याकडेच बघत राहिल्या.

बाबा परत आला. "काय ठरलं मग?"

"नुसता अर्धा गुडघा करू," आई म्हणाली. "सरळ चालता आलं, दुकानात काउंटरमागे उभं राहता आलं, बास. एवढे महिने कोण करणार माझं? तू दौऱ्यावर, हिची शाळा. आणि वळून मला बघायचंय तरी काय?"

बाबाने नेहमीप्रमाणे मान हलवायला सुरुवात केली होती.

"दोन्ही करायचं." भोंगा उठून उभी राहिली. आजूबाजूच्या बाकांवरची चार डोकी वळली. तिने आवाज कमी केला नाही. "एकदमच. सुट्टीत मी शिबिराला जात नाहीये, घरी आहे. दुखलं तर माझ्यावर ओरड."

"अगं, गुडघा कुणाचा?" बाबा म्हणाला.

"आईचाच. पण मी ठरवलंय." ती आईकडे वळली. "आणि बरी झालीस ना, की मी भर रस्त्यात मागून हाका मारणार आहे. आधीच सांगून ठेवते."