नानांच्या नावेतला पंप

चैत्राच्या निर्जळ, पांढऱ्याफटक दुपारी पिंप्राळ्यातल्या आमच्या अंगणात एक बारीक, अखंड घरघर उठे आणि तिच्यापाशी उकिडवे बसलेले नाना, माझे वडील, तळहातावरच्या मुठीएवढ्या विजेच्या पंपाला कान लावून असे स्तब्ध होत, की जणू त्या यंत्रातूनच कुणाची तरी हाक यायची आहे. त्यांच्या भुवयांवर घाम साचे. तो पुसायचे भानही त्यांना नसे.

दिलीप, माझा धाकटा भाऊ, कामासाठी सुरतेला गेला होता. तापीच्या मुखाशी होडी उलटली. बाकीचे सापडले, तो नाही. नातलग म्हणू लागले, क्रिया उरकून घ्या. नाना उसळत, "मन्हा पोऱ्या तठेच शे!" मोठ्या होड्यांचे तळ जिथे चिखलाला टेकतात, त्या अरुंद खाड्यांत कुणी शोधलेच नव्हते, एवढ्याच आशेला ते घट्ट कवटाळून होते. आणि मेली ही आशा! माणसाला ना जगू देते, ना रडू.

सुरतेहून त्यांनी एक जुनी कयाक आणली: कमरेपर्यंत आत बसायची, निमुळती, एकट्याची नाव. दोन्ही हात वल्ह्याला गुंतलेले. लाटेचे पाणी आत आले तर उपसणार कोण? म्हणून हा पंप. मोठा घ्यावा तर बॅटरी लवकर उतरते, लहान घ्यावा तर लाट त्याला जुमानत नाही. दुकानादुकानांतून फिरून त्यांनी मधला निवडला. बॅटरी डब्यात बंद केली, बटण गुडघ्याने दाबता येईल असे बसवले. इतक्या मायेने त्यांनी दिलीपचा पाळणाही बांधला नसेल.

पण नानांचा जन्म गेला विहिरीच्या काठावर. पाणी चढले की आधी मोटर वर ओढायची, हे आमच्याकडे रक्तातच असते. दुकानदार कंठशोष करून सांगत होता, हा पंप तळाशीच बसवा, तो पाण्यातच राहायचा असतो, वरून पाणी ओढत नाही. नानांनी तो वर, नावेच्या आच्छादनाखाली जपून बसवला आणि नुसती नळी खाली सोडली. "मोटरले पानी लागनं ते जळी जाई ना! माले शिकाडस!"

वरणगावच्या पुढे, धरणाच्या फुगवट्यात नाव उतरवली. काठावर मी आणि आई. जरा आत जाताच वाऱ्याने पाणी नावेत लोटले. पंप कोरडाच गरगरत राहिला, नळीतून थेंब येईना. नाव बसत चालली आणि नाना वल्हे मारतच होते, समोर बघत, जणू खाडी आलीच. जवळच मासे धरणाऱ्या भोयांनी त्यांना ओढून काढले. आई छाती पिटत ओरडली, "एक गेला, आता तुम्हीही जा! मला कुणाच्या भरवशावर ठेवता?"

घरी येऊन नानांनी पंप काढला, बैठकीमागे अगदी तळाला, जिथे पाणी आधी साचते तिथे, पक्का बसवला. पुढच्या खेपेला पाण्याची जाड धार नावेबाहेर पडली. त्या धारेकडे आईने पाठ फिरवली.

मग नाना तापीच्या मुखाकडे गेले. वैशाख सरला, ज्येष्ठ लागला. खाडी न् खाडी पालथी घालून परतले तेव्हा त्यांच्या हातांची सालपटे निघाली होती आणि आवाज पार बसला होता. नावेने दगा दिला नाही, पंपानेही नाही. ओट्यावर टेकून ते आईला म्हणाले, "आते क्रिया करी टाकू."

देह नसला की पळसाच्या पानांचा देह करतात. गुरुजींनी हलकेच विचारले, "नाना, उंची केवढी घ्यायची?" नानांनी हात वर नेला, आपल्या डोक्याच्याही वीतभर वर, आणि तो तिथेच राहिला, खाली घेववेना. शेवटी आईने तो धरून खाली आणला.

आता नाना नाहीत, आईही नाही. काळ माणसे नेतो, त्यांचे आवाजही नेतो. पण हवेत ठरलेल्या त्या एका उंचीखाली माझा भाऊ अजून उभा आहे, आणि मी म्हातारी होत चालले तरी तो तेवढाच आहे.